छपरासकट

बाप गेल्यापासून त्याची बावन्न सालची डॉज गाडी निऊर्काच्या अंगणात उभी होती, आणि ती नि तिचा भाऊ एवेलिओ यांच्यात बोलण्यासारखा तेवढाच एक विषय उरला होता. एवेलिओनं गिऱ्हाईक शोधलं होतं. वाराडेरोचा माणूस. तो असल्या गाड्या घ्यायचा, करवतीनं छप्पर उतरवायचा, गुलाबी रंग फासायचा आणि परदेशी पाहुण्यांना समुद्रकाठानं हिंडवायचा.

"माझ्या बापाच्या गाडीचं मुंडण होणार नाही," निऊर्का म्हणाली. केस कापण्यावरच तिचं पोट होतं, पण ती गोष्ट वेगळी.

शेवटी आईनं निवाडा केला. "रविवारी माझ्याकडे जेवायला याल तेव्हा गाडी आपल्या इंजिनावर चढ चढली, तर निऊर्काची. ढकलत आणलीत, तर विका. आणि आता माझं डोकं खाऊ नका."

प्रश्न मेकॅनिकचा होता. मातांसास शहरात मेकॅनिकांना तोटा नाही, आणि सगळ्यांचं औषध एकच: जुनं इंजिन काढा, डिझेलचं बसवा. काढलेलं इंजिन कुठं जातं ते विचारायचं नसतं. इथं गाडी दुरुस्तीला देणं म्हणजे शेजाऱ्याकडे कोंबडी सांभाळायला ठेवणं. परत कोंबडीच मिळते, फक्त ती आपली नसते.

म्हणून निऊर्कानं इंजिनाच्या दिसेल त्या भागावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. पहिल्या मेकॅनिककडे दुपारी डोकावली, तर कार्ब्युरेटर बिनठिपक्याचा! तिनं आपला परत आणला. हातात कात्री होती. उघडावी लागली नाही.

मग दोरीनं ओढत गाडी फुन्डोरा नावाच्या दुसऱ्या मेकॅनिककडे गेली. हा माणूस तोंडाचा इतका फाटका, की चोराला लागणारा गोडवा त्याच्याकडे असणं शक्य नाही, असं ती धरून चालली.

फुन्डोरानं बॉनेट उघडलं. "ही गोवराची साथ कुणाची?"

"माझी."

"पुसा. माझ्यावर संशय घेणाऱ्याच्या गाडीला मी हात लावत नाही."

"नाही पुसणार."

"मग न्या घरी."

"तेही नाही करणार."

अखेर फुन्डोरा म्हणाला, "मग इथंच बसा आणि बघा. पण तोंड बंद."

निऊर्कानं खुर्ची, आरसा आणि रोलर्सची पिशवी त्याच्या अंगणात आणली. गिऱ्हाइकं तिथंच येऊ लागली. इकडे बायकांचे केस गुंडाळले जात होते, तिकडे इंजिन उलगडलं जात होतं. तोंड मात्र कुणाचंच बंद नव्हतं.

शनिवारी एवेलिओ कौतुक बघायला आला, आणि नेमका तेव्हाच फुन्डोरानं पाण्याचा पंप खोलून तिच्यापुढे धरला. "बाई, ठिपका झकास आहे. पण आतला पंखा या गाडीचा नाहीच. साखरकारखान्यात लेथवर कातलेला आहे. हा बघा, कारखान्याचा शिक्का. पिस्टनही कुठल्या तरी रशियन ट्रॅक्टरचे घासून बसवलेत."

त्या कारखान्यात लेथवर बापच कामाला होता. रोलर निऊर्काच्या हातातच राहिला.

एवेलिओ खदखदून हसला. "घे! अस्सल इंजिन, अस्सल इंजिन म्हणून गाव डोक्यावर घेतलंस, आणि आत सगळी खिचडी! मग छप्पर कापलं तर काय बिघडतं?"

तिनं पंखा उचलला, एप्रनला पुसला. "बाबांनी हात लावला तो गाडी चालावी म्हणून. तू लावतोयस तो ती जावी म्हणून. कळतंय तेवढं पुरे."

मग ती फुन्डोराकडे वळली. "तुम्ही मला हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं."

"मी गाडीला फसवतो, बाई. गिऱ्हाइकाला नाही. आता तुमचा शाम्पू द्या."

"कशाला?"

"ब्रेकमध्ये घालायला. तेल या बेटावर मिळतंय का कुठं? आणि चांगला द्या, फेस न येणारा."

तिनं ठिपके पुसले नाहीत. पंख्यावर मात्र स्वतःहून एक नवा लावला.

रविवारी पूल ओलांडून डॉज चढाला लागली. खोकली, शिंकली, काळा धूर सोडला, थांबली नाही. आईच्या दारात एवेलिओनं बोलावलेला वाराडेरोचा माणूस मोजपट्टी घेऊनच उभा होता. भोंगा वाजत नव्हता, म्हणून निऊर्कानं खिडकीतून डोकं काढलं. "ए, सरक बाजूला! ब्रेक शाम्पूचे आहेत!"

तो भिंतीला चिकटला. गाडी त्याच्या बुटांशी येऊन उभी राहिली. मागच्या सीटवर बसलेल्या फुन्डोरानं आता कुठं डोळे उघडले.

"छप्पर कसं निघेल तेवढं बघून घेऊ का?" त्या माणसानं सवयीनं विचारलं.

"बघ की," निऊर्का उतरत म्हणाली. "आत बसून, खालून."

आईनं काळ्या घेवड्याच्या भाताचं पातेलं उतरवलं आणि फुन्डोरासाठी एक ताट वाढवलं. एवेलिओ दारातच घुटमळत होता.

"ये जेवायला," निऊर्का म्हणाली. "जाताना ढकलायची वेळ आलीच, तर घरचं माणूस बरं."