भुरीबाईची माती

आमच्या बोरी अरब गावात कोणाशी कितीही वाकडं असो, त्याच्या घरी मयत झाली का मातीले जाच लागते. पण कोर्टाले हे सांगावं कोणं?

माहा धम्मरत्न सोळा वर्षाचा. गाढवानं देवीलालच्या घरातल्या किराणा दुकानाचं कुलूप फोडलं, मोबाइल उचलला अन् सापडला. यवतमाळच्या बाल न्याय मंडळानं लहान पोरगं म्हणून घरी सोडलं, पण अटी घातल्या. त्याच्यावर नजर ठेवाले सुचित्रा मॅडम होत्या, त्यायच्याकडं दर सोमवारी हजेरी. अन् देवीलालच्या घराकडं पाय ठेवाचा नाही. ही अट देवीलालनंच भांडून मांगून घेतलती. अटी मोडल्या तं सुधारगृह.

त्या साली कापसाचे भाव पार पडले. हाताले काम पाहत पोरगं मारेगावकडं वेचाले गेलं अन् एक सोमवार बुडला. मॅडम बिचाऱ्या भल्या, त्यायनं मंडळापुढं हात जोडले, म्हणून एक डाव माफी भेटली. आता चुकशील तं खैर नाही, असं मी त्याले दहादा बजावलं.

अन् देवीलालची माय भुरीबाई गेली. ह्या पोराले तिनं लहानपणी मूठमूठ फुटाणे चारले होते. मी दारात आडवी झाली.

"माय, तिच्या घरी चोरी केली. आता मातीलेही नाही गेलो तं मी माणूस कायचा?"

गेला. देवीलालनं त्याले पाह्यलं. जरासा सरकला अन् तिरडीखाली त्याले जागा करून देल्ली.

कोणीतरी ठाण्यात सांगतलंच. सांगणाऱ्याच्या तोंडात किडे पडो.

पोरगं घरी आलतं का, असं मंडळानं देवीलालले विचारलं. तो म्हणे, आलतं, मीच खांदा देऊ देल्ला, माही काही तक्रार नाही. मॅजिस्ट्रेट बाईनं सारं आयकलं. म्हणाल्या, अट तुम्ही मांगितली, पण हुकूम मंडळाचा आहे, अन् यानं तो दुसऱ्यांदा मोडला. सुधारगृहात धाडलं.

बाहेर देवीलाल माह्यापुढं ढसाढसा रडला. खरं बोललं का पोरगं सुटते, असं त्याले वाटलं होतं. मले त्याचा राग धरता आला नाही, याचाच जास्त राग आला. कोणाचं कोणाशी वैर उरलं नव्हतं अन् तरी माहं लेकरू गेलं, या गोष्टीनं अजून जीव जळते.

गाडीत चढता चढता धम्मरत्न म्हणे, "माय, म्हातारीच्या तेरवीले तू जाय. माह्या वाटचं."

मी गेली. देवीलालनं आपल्या हातानं वाढलं. मले घास गिळवला नाही.