रविवारचा तिखट पास्ता

रेणापुरातल्या सरस्वतीबाईंना पास्ता करता येतो असं गल्लीत कुणी सांगितलं असतं, तर बायकांनी तोंडाला पदर लावला असता. बाईंनी उभ्या जन्मात लातूरच्या पलीकडचं हॉटेल पाहिलं नव्हतं, आणि चमच्याने भात खाणाऱ्या माणसाकडेही त्या जरा संशयानेच बघत. पण दर रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरातून लसूण आणि लाल मिरचीचा असा ठसका उठायचा की शेजारची शिवगंगा शिंकत शिंकत विचारायची, आज ठेचा केला का. सरस्वतीबाई सरळ हाव म्हणून मोकळ्या व्हायच्या. इटलीचं नाव काढून शेजारणीला तासभर समजावत कोण बसणार?

पास्ता मूळचा त्यांच्या मुलाचा, व्यंकटचा. पुण्यातल्या एका हॉटेलात चारपाच वर्षं राबून तो परत आला आणि लातुरात शिकवणीवर्गांच्या गल्लीत त्याने स्वतःचं छोटंसं दुकान टाकलं. त्याआधी पास्त्याची पहिली परीक्षा झाली ती आईच्या गॅसवर. टमाटे पाणचट निघाले, रस्सा काही केल्या दाटेना. व्यंकट कुणाला तरी फोन लावायला बाहेर गेला, तेवढ्यात सरस्वतीबाईंनी डब्यातलं चमचाभर येसर त्यात सोडलं. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, मिरच्या भाजून दळलेलं ते पीठ. लग्नाच्या पंगतीतली आमटी त्यानेच दाट होते, मग हे पाणी का होणार नाही, असा बाईंचा साधा विचार. व्यंकट आत आला आणि कपाळाला हात लावून बसला. मग त्याने चाखून पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. आणि आईकडे बघून म्हणाला, "माय, हे कुणाला सांगू नको."

त्यानंतर त्याने येसराशिवाय पास्ता केला नाही आणि त्याबद्दल कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही, बायकोजवळसुद्धा. दुकानात पोरांच्या उड्या पडायच्या. रविवारी दुकान बंद ठेवून तो घरी करायचा. सरस्वतीबाई लसूण सोलायच्या, आणि येसराची वेळ आली की मायलेक एकमेकांकडे बघून चोरासारखे हसायचे.

दोन वर्षांपूर्वी दुकान बंद करून मोटारसायकलवर घरी येताना व्यंकटला ट्रकने उडवलं. घरात उरले सरस्वतीबाई, त्यांचे यजमान लक्ष्मणराव, सून अयोध्या आणि चार वर्षांची नात उर्वी. पोरीने अन्नच टाकलं. दूध दिलं तर तोंड फिरवायची, घास भरवला तर गालात धरून बसायची. शेवटी एका रविवारी सरस्वतीबाईंनी डोळे पुसत पुसत व्यंकटसारखा पास्ता केला. पोर ताटाजवळ आली, वास घेतला आणि नाक गळेपर्यंत जेवली. तेव्हापासून रविवार चुकला नाही. अयोध्या मात्र त्या वासाला स्वयंपाकघरात थांबू शकायची नाही. शाळेतल्या पोरांच्या तपासायच्या वह्या घेऊन ती बाहेर ओसरीवर जाऊन बसायची.

अयोध्या एकतीस वर्षांची. तिचं पुन्हा लग्न करून द्यायचं हे सरस्वतीबाईंच्याच मनात आलं. लक्ष्मणराव आधी भडकले, मग गप्प झाले, मग कबूल झाले. सरस्वतीबाईंची धाकटी बहीण महानंदा अर्धापूरला दिलेली. तिने तिकडचं स्थळ काढलं. दयानंद नाव, केळीची बाग, बायको आजारपणात गेलेली, मूलबाळ नाही. माणूस बोलायला कमी, पण बघायला आला तेव्हा आपणहून म्हणाला की लेकीला सोडून या म्हणायला मी काही कसाई नाही, तिची खोली आधी तयार करतो. सरस्वतीबाईंनी त्याच क्षणी मनात होकार दिला. देवळात मोजक्या माणसांत लग्न लावायचं ठरलं.

आणि मग उर्वी अडून बसली. आपल्याला अर्धापूरला जायचं नाही. आजीजवळच राहायचं. आई समजावून थकली, आजोबांनी खोटं खोटं रागावून पाहिलं. सगळ्यांनी का, का विचारल्यावर ती रडत म्हणाली, "तिथं पप्पाचा पास्ता न्हाई."

मोठी माणसं हसली. अयोध्या हसली नाही. दुसऱ्याच दिवशी तिने पदर खोचला, लातूरहून पाकीट आणवलं, मोबाइलवर बघून मन लावून पास्ता केला. उर्वीने एक घास घेतला आणि ताटली लांब सारली. "हा पप्पाचा न्हाई." अयोध्याने तीनदा करून पाहिला. तिन्ही वेळा तेच.

मग तिने सासूला विचारलं. सासूला ती आत्या म्हणायची. "आत्या, तुम्ही त्यात वेगळं काय घालता?"

सरस्वतीबाईंनी तांदळातले खडे निवडत वर न बघता सांगितलं, "काय न्हाई बाई. तेच समदं. हाताची चव असती ज्याच्या त्याच्या."

का असं बोलल्या? त्यांना विचारलं असतं तर त्या लाल झाल्या असत्या. खरं ते खरं. पोरगी जाणार नाही म्हणाली तेव्हा त्यांच्या पोटात पेढा विरघळला होता. स्थळ त्यांनीच बहिणीकरवी शोधलं, होकार त्यांनी मिळवला, पण नात पाय आपटून आजीला बिलगली आणि बाईंचा शहाणपणा पार वाहून गेला. व्यंकटचे डोळे, व्यंकटची चालण्याची ढब, व्यंकटसारखं झोपेत हात डोक्याखाली घेणं, हे सगळं पोरीत होतं. ते अर्धापूरला पाठवायचं म्हणजे मुलाला दुसऱ्यांदा दाराबाहेर काढायचं. त्या आठवड्यात त्या गुणगुणत भाकरी थापत होत्या. लक्ष्मणराव चमकून बघत होते.

शुक्रवारी अयोध्याने सांगून टाकलं की अर्धापूरला नाही म्हणून कळवते. लेकीला ओढून नेऊन मला सुख नको, आणि टाकून तर जाणारच नाही. आवाज शांत होता. लक्ष्मणरावांनी मान डोलावली. सरस्वतीबाई तोंडाने "घाई करू नको" म्हणाल्या, पण त्या म्हणण्यात काही दम नव्हता, आणि हे त्यांना स्वतःला ऐकू आलं.

दुपारी त्या पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे गेल्या आणि दारातच थांबल्या. अयोध्या ओट्याशी उभ्याने जेवत होती. सकाळी तिने चौथ्यांदा केलेला, पोरीने टाकलेला पास्ता ती गार झालेल्या ताटलीतून संपवत होती. चव नाही, भूक नाही. अन्न वाया जाऊ नये म्हणून औषधासारखं गिळणं. तोंडात घास आणि नजर भिंतीवर. ती कधीपासून अशी उभ्याने जेवते, हे सरस्वतीबाईंना आठवेना. व्यंकट असताना नवराबायको एका ताटात जेवत आणि शेवटच्या घासावरून भांडत, हे मात्र लख्ख आठवलं.

त्या पाणी न पिताच माघारी फिरल्या. खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसल्या. आपण सत्तरीला टेकलो. यजमान त्याच्या पुढे. पोरगी शिकेल, लग्न करून जाईल. आपण दोघं गेल्यावर ह्या घरात ही बाई एकटी ओट्याशी उभी राहून लोकांनी टाकलेलं खाणार, आणि ते आपण तिच्या ताटात वाढून ठेवलं असेल, एक चमचा पीठ लपवून. सरस्वतीबाईंना स्वतःची शिसारी आली. व्यंकटने हे पाहिलं असतं तर माय म्हणून हाक मारायला त्याची जीभ वळली नसती, असं त्यांना वाटलं आणि त्या उशीत तोंड घालून रडल्या.

संध्याकाळी त्यांनी सुनेला एवढंच सांगितलं की रविवारपर्यंत अर्धापूरला काही कळवू नको.

रविवारी सकाळी त्यांनी अयोध्याला हाताला धरून गॅसजवळ उभं केलं. "पळू नको आज. वास सोसायला शिक."

टमाटे उकळून साली काढायला लावल्या, लसूण ठेचायला लावला. मिरच्या तेलात काळ्या होऊ द्यायच्या नाहीत, नुसत्या फुगू द्यायच्या. पास्ता उकळलेलं पाणी फेकायचं नाही. रस्सा रटरटू लागला तेव्हा सरस्वतीबाईंनी वरच्या फळीवरचा डबा काढून सुनेच्या हातात दिला. झाकण उघडताच वासावरूनच अयोध्याने ओळखलं.

"येसर?"

"हाव. एक चमचा. शेवटी."

अयोध्या डबा धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "मी विचारलं व्हतं तुम्हाला."

"खोटं बोलले मी," सरस्वतीबाई म्हणाल्या. "पोरगी जाऊ नये म्हणून खोटं बोलले. मला काय बोलायचं ते मागून बोल. आधी चमचा टाक, खाली लागंल."

अयोध्याने चमचा टाकला. तिचे डोळे भरून आले होते, ते मिरचीमुळे की कशामुळे हे दोघींनीही विचारलं नाही.

पण एवढ्याने भागणार नव्हतं, हे सरस्वतीबाई ओळखून होत्या. आईचा पास्ता जमला तरी आजीचा आहेच की. पोरगी म्हणेल, मग इथंच राहू. म्हणून त्यांनी दुसऱ्या शेगडीवर आपला वेगळा टोप चढवला आणि उर्वीला हाक मारून म्हणाल्या, आज मम्मीची न् आजीची पैज, सांग कुणाचा चांगला ते. त्या टोपात त्यांनी येसर घातलं नाही. वर साखरेचा हात सैल सोडला आणि मिरच्या करपू दिल्या. पन्नास वर्षं चुलीपुढे काढलेल्या बाईला मुद्दाम बिघडवणं किती जड जातं, ते त्यांनाच ठाऊक. हात सारखा सवयीने डब्याकडे जायचा आणि त्या तो मागे ओढायच्या.

दोन ताटल्या वाढल्या. उर्वीने सवयीने आजीची आधी ओढली. घास घेतला, थांबली, आजीकडे बघितलं. दुसरा घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग आईच्या ताटलीतला घेतला. पोर नुसती खात सुटली. नाक गळायला लागलं तेव्हा मान वर करून म्हणाली, "मम्मीचा पप्पावानी झालाय."

अयोध्याने चमचा उचलून सासूच्या ताटलीतला पास्ता चाखला. करपट, गोडमिट्ट, येसराचा पत्ता नाही. ती काहीतरी बोलणार होती, पण सरस्वतीबाईंनी डोळ्यांनीच तिला दटावलं.

"आजी, तुला आता येत न्हाई का?" उर्वीने विचारलं.

"न्हाई बाई. म्हातारी झाले. इसरले."

पोरीने जरा विचार केला. आजीच्या हातावर हात ठेवला आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली, "असू दे. आपल्या मम्मीला येतंय ना."

लग्न झालं. मायलेकी अर्धापूरला गेल्या. निघताना अयोध्याने सासूच्या पायावर डोकं ठेवलं ते उचलेना. शेवटी लक्ष्मणरावांनीच तिला उठवलं. घर एवढं मोठं आहे हे दोघा म्हाताऱ्यांना त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

पुढचे दोन रविवार सरस्वतीबाईंनी पिठलं केलं. तिसऱ्या रविवारी लक्ष्मणरावांना राहवलं नाही. चाचरत म्हणाले, "व्यंकटची माय, कर की आज ते. पोरगी कुठं बघायला हाय?"

"इसरले म्हणलं ना," त्या म्हणाल्या. लक्ष्मणराव समजायचं ते समजले आणि पुन्हा त्यांनी पास्त्याचं नाव काढलं नाही.

त्याच दुपारी उर्वीचा व्हिडिओ कॉल आला. तोंडाभोवती लाल रस्सा, मागे केळीची हिरवीगार पानं, आणि कुणीतरी पुरुषमाणूस तिला पाण्याचा पेला देत होता. तिने ताटली फोनला लावून दाखवली. गाल भरले होते. सरस्वतीबाईंना बरं वाटलं, आणि डोळे दिसू नयेत म्हणून त्यांनी फोन जरा लांब धरला.

"आजी, तुला आठवला का गं पास्ता?"

"न्हाई गं माय अजून."

"मग मी शिकवते तुला," उर्वी म्हणाली. "मम्मीनं मला समदं दाखवलंय. पण नीट ऐक, मधी बोलू नको."

सरस्वतीबाईंनी फोन दोन्ही हातांत घट्ट धरला.

"आधी टमाटे घ्यायचे," नात सांगू लागली.

"किती घ्यायचे?" सरस्वतीबाईंनी विचारलं.