ओट्याला लागलेली काठी

मी एक जुनी काठी आहे. भरीव वेळूची, साडेतीन हात लांब, खालच्या टोकाला लोखंडी शेंबी. वरच्या टोकाजवळ बारीक भोके दिसतील. तिथे एके काळी घुंगरे बांधलेली होती. मित्रांनो, काठीला एका जागी उभे राहणे जमत नाही. भिंतीला टेकवले की आमचा जीव वर-खाली होऊ लागतो. कोण उचलेल, कुठे नेईल, परत आणील की नाही, हेच मनात येत राहते. या शेवटच्या प्रश्नाने एकदा माझी बारा दिवस झोप उडवली होती. ते घडले हट्ट्यापासून हजारो मैल दूर, जपानात. पण क्रमाने सांगते.

पूर्णा नदीच्या काठी वेळूचे एक बेट होते. हट्ट्याच्या ग्यानबाने मला तिथून तोडले तेव्हा तो विशीत होता. चुलीच्या धगीवर शेकून त्याने माझा बाक काढला, तेल पाजले, लोहाराकडून शेंबी बसवून घेतली. ग्यानबा गावचा येसकर. वेशीवर पहारा देणे, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावणे, कोणी वारले की पाच-सात गावांत निरोप पोचवणे, ही त्याची कामे. ऊन असो, चिखल असो, मी पुढे आणि तो मागे. माझी घुंगरे वाजली की लोकांना कळायचे, येसकर आला, बाजूला व्हा. संध्याकाळी तो दारोदार जाऊन मला जमिनीवर आपटायचा. मग आतून कोणीतरी भाकरी आणून वरूनच त्याच्या घोंगडीत टाकायचे. माझे कौतुकही होई. ग्यानबाच्या काठीसारखी सरळ काठी पंचक्रोशीत नाही, असे लोक म्हणत. पण ज्या घरांपुढे मी पंचवीस वर्षे उभी राहिले, त्यांतल्या एकाही घराचा उंबरा मी ओलांडला नाही.

एकदा ग्यानबाचा मुलगा किशन त्याच्याबरोबर आला. आठ वर्षांचा होता. हौसेने त्याने मला हातात घेतले. एका मोठ्या घरापुढे भाकरीची वाट पाहताना तो कंटाळला आणि त्याने मला ओट्याला टेकवले. घरातली बाई बाहेर आली. ती ओरडली नाही. आत जाऊन तिने दोन घागरी पाणी आणले. एक ओट्यावर ओतली, दुसरी माझ्यावर आणि पोरावर. "ओटा बाटला," एवढे म्हणून तिने दार लावून घेतले.

घरी आल्यावर ग्यानबाने पटक्याच्या शेवाने आधी लेकराचे डोके पुसले, मग मला पुसले. त्यानंतर तीस वर्षे किशनने मला हात लावला नाही.

पुढे वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ग्यानबाने येसकी सोडली आणि माझी घुंगरे कापून पूर्णेत टाकून दिली. शेजारच्या शेषरावने त्याला विचारले, "मंग काठी काहून ठेवली?"

"वाजत होते ते घुंगरं," ग्यानबा म्हणाला. "काठीनं काय केलं?"

मला तेव्हा बरे वाटले. पण कामाविना दिवस जाईनात. मी कधी लुगडी वाळत घालण्याच्या कामी आले, कधी शेळी हाकण्याच्या. कित्येक महिने आढ्याला खोचलेली राहिले आणि माझ्या शेंबीवर गंज चढला. ग्यानबाचे गुडघे थकले तेव्हा त्याने मला खाली काढले. मला धरून उठायचे आणि मला धरूनच बसायचे. तेवढीच आमची चाल उरली.

किशन मात्र शिकला. हिंगोलीच्या शाळेत तो इंग्रजी शिकवू लागला आणि लोक त्याला किशनराव म्हणू लागले. त्याची बायको पंचफुला दवाखान्यात नर्स होती. एकदा शाळेची सहल अजिंठ्याला गेली असताना किशनरावांची ओळख इतो नावाच्या म्हाताऱ्या जपानी मास्तरांशी झाली. सहा वर्षे दोघांची पत्रे चालली. १९७४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत इतो मास्तरांनी नवरा-बायकोला जपानला बोलावले. जाण्यायेण्याची सोय तिथल्या बौद्ध मंडळाने केली. मास्तरांनी पत्रात लिहिले होते की आमचा देश गाडीतून बघू नका, पाठीवर पिशवी घ्या आणि शिकोकूत चाला. शिकोकू हे एक बेट आहे. तिथे यात्रेकरू अठ्ठ्याऐंशी बौद्ध मंदिरांना पायी फेरी घालतात. दोघांना सवड थोडी होती, म्हणून त्यांनी शेवटची तेवीस निवडली. बारा दिवसांची चाल.

त्याच पत्रात आणखी एक ओळ होती. यात्रेकरूच्या हातात काठी लागते, आणि फेरी संपली की ती शेवटच्या मंदिरात कायमची ठेवून देतात.

निघण्याआधी दोघे हट्ट्याला आले. जाड खाकी कापडाच्या दोन पाठपिशव्या त्यांनी हिंगोलीच्या बाजारात शिवून घेतल्या होत्या. किशनराव माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बा, ही नेऊ का?"

ग्यानबा हरखला. "ने की. परमुलखात कुत्रे-बित्रे असतेत. तवर मी तुरखाटीवर भागवतो. परत आणजा मातर. सांजचं उठताना लागती मला."

पंचफुलाने नवऱ्याकडे निरखून पाहिले. तीस वर्षे ज्या काठीला या माणसाने हात लावला नाही, ती आता कशाला, हे तिला उमगेना.

तिला ते कळले शिकोकूत, चालीच्या पहिल्याच दिवशी. मी तिच्या हातात होते. दोन्ही बाजूंना गव्हाची पिवळी शेते, पलीकडे समुद्र. किशनराव पुढे पाहत म्हणाले, "शेवटच्या मंदिरात ठेवून देऊ हिला. तिथं हजारो काठ्या असतात. ही कोणाची, कशाची, कोणी विचारणार नाही."

"अन् मामाला काय सांगसाल?"

"हरवली म्हणून सांगू."

पंचफुला थांबली. "तुमी सांगा. मी न्हाई सांगायची."

मित्रांनो, त्या क्षणापासून माझ्या जिवाला थारा राहिला नाही. पुढचे प्रत्येक मंदिर आले की वाटे, एक कमी झाले. तुरीच्या वाळक्या तुरखाटीवर ग्यानबा कसा उठत असेल? ती मोडली तर?

किशनरावांचेही चित्त ठिकाणावर नव्हते. ते भराभर चालायचे, मंदिरात पोचले की लगेच निघायची घाई करायचे. पंचफुलाने पांढरे लुगडे नेसले होते आणि तिथले यात्रेकरूही पांढरे कपडे घालतात, त्यामुळे वाटेवरचे लोक दोघांना यात्रेकरूच समजत. एका शेतातून एक म्हातारा संत्री घेऊन मागे धावत आला. तिथे यात्रेकरूला वाटेत काहीबाही देण्याची रीत आहे. किशनरावांनी हात मागे घेतले.

"दारादारातलं घेऊन खायचं सोडलंय आपण," ते म्हणाले.

"तुमी दार वाजवलं का त्याचं?" पंचफुला म्हणाली. "त्यो बिचारा धावत आला." तिने संत्री घेतली, पिशवीतून गुळाचा खडा काढून म्हाताऱ्याच्या हातावर ठेवला आणि चालता चालता एक संत्रे सोलून नवऱ्याच्या हातात दिले. त्यांनी ते खाल्ले.

तिसऱ्या दिवशी दुपारी पावसाची भुरभुर लागली, म्हणून ते एका खेड्यातल्या धर्मशाळेवजा घरी मुक्कामाला थांबले. घर एका म्हातारीचे होते. दारात ती वाकून हसली. तिने पंचफुलाच्या हातातून मला घेतले, बाजूला ठेवलेल्या बादलीजवळ नेले आणि माझ्या शेंबीवर पाणी ओतू लागली.

किशनरावांचा चेहरा क्षणात उतरला. तीस वर्षांपूर्वीच्या त्या दोन घागरी मलाही आठवल्या. त्यांनी मला म्हातारीच्या हातातून ओढून घेतले, उतरवलेली पिशवी पुन्हा पाठीवर चढवली आणि पावसात चालू लागले. तीस वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्या मुठीत होते.

"अवो, थांबा," पंचफुला मागून म्हणाली. "तिला काय ठावं आपुन कोन ते?"

"नाही ठाऊक, तरी धुतलीच ना? इथंही तेच."

म्हातारी बादलीतला मग हातात धरून दारात तशीच उभी होती.

सात मैल चालून ते पुढच्या मंदिरात पोचले तेव्हा उन्हे कलली होती आणि पाऊस थांबला होता. आवारात शिरताच पंचफुलाने नवऱ्याची बाही ओढली. तिथे पाण्याच्या टाकीशी एक यात्रेकरू होता, चांगल्या घरचा दिसणारा. बूट चिखलाने भरलेले, पण त्यांच्याकडे त्याचे लक्ष नव्हते. तो उकिडवा बसून स्वतःच्या काठीचे टोक धूत होता. मग त्याने ते रुमालाने टिपले आणि त्यानंतर बुटांना हात घातला. त्याच्या मागे आणखी दोघी काठ्या घेऊन थांबल्या होत्या.

"बघा," पंचफुला म्हणाली. "त्यो तर आपलीच धुऊन राहिला."

मंदिरातल्या तरुण भिक्खूला थोडे इंग्रजी येत होते. त्याने समजावले की यात्रेत काठी म्हणजे बरोबर चालणारे गुरू. मुक्कामाला पोचल्यावर आधी गुरूंचे पाय धुवायचे, मग आपले. घरमालकीण स्वतः धुते, तो तिचा मान.

"काठीत कोणी नसतं," किशनराव म्हणाले.

भिक्खू हसला. "असेल, नसेल. पण तिच्याबरोबर कोणीतरी चाललेलं असतं."

किशनरावांनी टाकीकडे वळून पाहिले. "आपण उद्या मागे जाऊ."

"सात मैल?"

"सात."

"मंग माझी पिशवी तुमच्या पाठीवर," पंचफुला म्हणाली. आणि खरोखरच तिने ती दिली.

दुसऱ्या दिवशी आम्हाला पाहून म्हातारी लगबगीने बाहेर आली. तिने बादली आणली. पण कालच्यासारखा हात पुढे केला नाही. बादली खाली ठेवली आणि दोन पावले मागे सरकून उभी राहिली. काय चुकले होते हे तिला अजूनही कळले नव्हते. किशनराव खाली बसले आणि दोन्ही हातांनी मला तिच्यापुढे धरले.

म्हातारीने माझी शेंबी धुतली. इतक्या वर्षांच्या वापराने तिच्या कडेला एक खाच पडली आहे, त्या खाचेतला चिखलही बोटाने काढला. पांढऱ्या फडक्याने मला पुसून ती दोन्ही हातांवर घेऊन आत गेली. मऊ चटयांच्या खोलीत भिंतीत एक कोनाडा होता, वर अक्षरांचे लांब चित्र, खाली एकच फूल. तिथे तिने मला उभे केले. मित्रांनो, मी घराच्या आत होते. त्या दिवशी तरी मला कुठे जावेसे वाटले नाही.

पण बारावा दिवस यायचा तो आलाच. शेवटचे मंदिर डोंगरात होते. एका बाजूला काठ्यांची रासच उभी होती. सगळ्या उजळ लाकडाच्या. लोखंडी शेंबी कोणालाही नव्हती. पंचफुला पायऱ्यांवर जाऊन पाठमोरी बसली. किशनरावांनी मला त्या राशीत ठेवले, दोन पावले गेले आणि थांबले. परत येऊन मला सरळ केले, पुन्हा गेले. त्यांची पावले पायऱ्या उतरताना मला ऐकू आली. मग ती बंद झाली. मग चढताना ऐकू आली.

त्यांनी मला बाहेर काढले तेव्हा तिथला म्हातारा भिक्खू गोंधळून पुढे आला. एकदा ठेवलेली काठी सहसा कोणी परत नेत नाही; चालणे पुरे झाले म्हणूनच ती ठेवतात. किशनरावांनी आधी इंग्रजीतून सांगून पाहिले. ते त्याला कळले नाही. मग त्यांनी मला धरून, कण्हत, दोन्ही गुडघ्यांवर जोर देत, एखादा म्हातारा उठतो तसे उठून दाखवले, आणि दूर पश्चिमेकडे बोट केले. भिक्खूने मान हलवली. ग्यानबाचे चालणे अजून पुरे झालेले नव्हते.

पायऱ्यांवर पंचफुलाने मागे न पाहताच विचारले, "आनली?"

"बाला उठताना लागते," ते म्हणाले.

हट्ट्याला आम्ही पोचलो तेव्हा ग्यानबा घरापुढच्या ओट्यावर बसला होता. त्याची नजर मंदावली होती. पण शेंबीचा आवाज त्याने ओळखला. किशनरावांनी पिशवी उतरवली, पंचफुलाकडून तांब्याभर पाणी मागून घेतले आणि स्वतःचे पाय तसेच धुळीत ठेवून, खाली बसून माझी शेंबी धुऊ लागले. पाण्याचा आवाज ऐकून म्हाताऱ्याचा हात हवेतच थांबला.

"काहून धुऊन राहिला रे?" त्याने हळूच विचारले. "तिथंबी कोनाच्या ओट्याला लागली का?"

किशनरावांनी शर्टाच्या टोकाने मला पुसले आणि बापाच्या हातात दिले. बोलताना त्यांची शाळेतली भाषा सुटली.

"लागली न्हाई, बा. आत गेली."

ग्यानबा मला धरून उठला.

आता १९७९ साल आहे. ग्यानबाला जाऊन वर्ष झाले. किशनरावांच्या हिंगोलीच्या घरात मी दाराच्या आतल्या अंगाला उभी असते. मला हार नको, तेल नको. शेंबीला ओल राहू देऊ नका, तेवढे पुरे. आणि मित्रांनो, तुमच्या दारात कोणी काठी टेकत आले, तर तिला बाहेर उभे करू नका. मला अजूनही एका जागी राहवत नाही. पण हल्ली मी वाट पाहते ती आतून.