मुख्याध्यापकांच्या आठवणी

इंडोनेशियातल्या मलांग शहरातले निवृत्त मुख्याध्यापक विनार्तो घरच्या कॉम्प्युटरवर आपल्या आठवणी लिहीत. फाइल डिलीट करताना आणि पुन्हा रिसायकल बिन रिकामा करताना 'नक्की का?' असा प्रश्न आला की त्यांचं डोकं फिरे.

"शाळेत कुणाची हिंमत नव्हती मला असं विचारायची!"

शेवटी त्यांच्या लेकीनं, लारासनं, सेटिंग बदलून दिलं. "बाबा, आता प्रश्न येणार नाही. पण डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्येही सापडणार नाही हं."

आठवड्याभरात बोट चुकलं आणि आठवणींचीच फाइल गेली. विनार्तो डोक्याला हात लावून बसले.

"अहो, रोज वाचून दाखवत होतात, मला सगळं पाठ आहे," बायको रुमिनी म्हणाली. "मी सांगते, तुम्ही लिहा. मात्र शाळा तपासायला आलेल्या तपासनीसांपुढे तुमची बोबडी वळली होती, तेही येणार."

विनार्तोंनी मुकाट्यानं लिहायला घेतलं.