हिरवा ठिपका

विमा कंपनीतल्या कारकुनाला 'महिन्यातला सर्वाधिक हजर कर्मचारी' म्हणून प्रशस्तिपत्र जाहीर झालं आणि दोन मिनिटांत परत घेतलं गेलं. पण तसं काही घडलंच नाही असं आपण धरून चालू. तोही तसंच धरून चाललाय.

महामारी सरली आणि कचेरीने सगळ्यांना परत बोलावलं. कारकुनाने अर्ज टाकला: वडिलांचा उजवा हात लुळा पडलाय, घरी दुसरं कोणी नाही, सबब घरूनच काम करू द्यावं. व्यवस्थापक मॅडमनी अर्ज वाचून डोळे पुसले आणि सही केली.

अडचण एकच. पाच मिनिटं माउस हलला नाही की कचेरीच्या ऑनलाइन हजेरीत नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा पडायचा, आणि कारकुनाला दुपारची झोप आवरायची नाही.

"बाबा, डॉक्टरांनी नवा व्यायाम सांगितलाय," तो म्हणाला. "उजव्या हाताने हा माउस हलवत बसायचं. ठिपका हिरवाच राहिला पाहिजे."

बाबांनी जन्मात कधी कामात अंग चोरलं नव्हतं. ते रोज दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून बसू लागले. चिरंजीव आत घोरायचे.

एके दुपारी पडद्यावर काहीतरी वाजलं. बाबांनी बटण दाबलं, तर अकरा चेहरे त्यांच्याकडे बघत होते.

"काका, त्याला बोलवा ना," मॅडम म्हणाल्या. "महिन्यातला सर्वाधिक हजर कर्मचारी तोच ठरलाय!"

"झोपलाय हो बिचारा. माझं करून करून दमतो."

"मग मघापासून इथं कोण आहे?"

"मी. हाताचा व्यायाम! महिनाभर ठिपका एकदाही पिवळा पडू दिला नाही." बाबांनी उजवा हात उचलला. तो खरोखरच खांद्यापर्यंत गेला. अकरापैकी एकाने टाळ्या वाजवल्या आणि लगेच थांबवल्या.

"छान," मॅडम हळूच म्हणाल्या. "प्रशस्तिपत्र राहू दे. त्याला सोमवारी कचेरीत पाठवा."

कारकून गालावर उशीचे वळ घेऊन दारात उभा होता. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माउसकडे.

"व्यायाम नव्हता का रे हा?"

कारकुनाने माउस बाजूला सारला. मग बसून त्याने अर्ज लिहिला.

"मा. व्यवस्थापक यांस, विनंती की, आज दुपारी तीन वाजून अकरा मिनिटांनी माझ्या वडिलांनी मला विचारलेला प्रश्न पूर्वलक्षी प्रभावाने विचारलाच गेला नाही असे समजण्यात यावे, व तसे त्यांना कचेरीच्या शिक्क्यानिशी लेखी कळविण्यात यावे."