घरचा नंबर

बीडमध्ये बॅटरीवरच्या दुचाकी गाड्या भाड्यानं मिळायला लागल्या तेव्हा लोकांनी आधी टिंगलच केली. ना आवाज, ना धूर, ही कसली गाडी! सत्यशीलाला मात्र ती त्याचसाठी आवडली. तोंडाला स्कार्फ गुंडाळला की कोण कुठं चाललंय हे कुणाच्या बापाला कळत नव्हतं. एसटीत बसलं की गावचं एखादं माणूस भेटायचंच.

आणि तिला कुणालाच भेटायचं नव्हतं. तिची लेक राजनंदिनी बीडजवळच्या पालीत, दवाखान्यात ओळख झालेल्या सुंदरबाईकडं लपली होती. पोर पंधरा वर्षांची, दहावीतली. बापानं, म्हणजे बंकटनं, तिचं लग्न ऊसतोड टोळीचा मुकादम गहिनीनाथ याच्या पुतण्याशी ठरवलं होतं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. टोळीत एक कोयता कमी पडत होता, म्हणून पोरीच्या डोक्यावर अक्षता! सत्यशीला लेकीला घेऊन निघाली ती परत गेली नाही. बीडच्या एका मेसमध्ये भाकरी थापायची आणि दर रविवारी पालीला जायची.

तिसऱ्या रविवारी ती गाडी घ्यायला आली, तेव्हा गाड्या भाड्यानं देणारा अभिमन्यू कौतुकानं म्हणाला, "ताई, तुमच्या घरचं माणूस लई काळजीचं हाय. मेसेज गेला की लगेच वाचतंय."

"कसला मेसेज?"

"गाडी जिथं लावली तिथला पत्ता घरच्या नंबरवर जातो की. बायामाणसांसाठी सोय हाय."

त्यानं मोबाइल पुढं धरला. तो गहिनीनाथचा नंबर होता.

दोष कुणाला द्यायचा? बारा हंगाम ती या फडावरून त्या फडावर हिंडली. रेशन असो, दवाखाना असो, पोरीची शाळा असो, घरचा नंबर विचारला की मुकादमाचाच सांगायचा. टोळीतली सगळी तसंच करायची, कारण घर पाठीवर आणि फोन त्याच्या खिशात. पहिल्या रविवारी अभिमन्यूनं फॉर्म भरताना विचारलं आणि जिभेनं तोच नंबर घडाघडा म्हणून टाकला. जित्याची खोड, दुसरं काय! तिला स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटलं.

"पुसा तो. आत्ताच्या आत्ता."

"पुसला. पण आदीचे दोन गेले, ताई."

तिनं गाडी पिळली. पोरीला उचलायचं आणि मिळेल त्या वाहनानं जिल्ह्याबाहेर पडायचं, एवढंच डोक्यात होतं; आधी फोन करायचंही सुचलं नाही. मागून येणारी प्रत्येक जीप तिला गहिनीनाथची वाटत होती. एकही तिच्या मागं आली नाही, सगळ्या पुढं निघून गेल्या. तेव्हा तिला हायसं वाटलं.

पालीच्या अलीकडं फोन वाजला. बंकटचा असेल म्हणून तिनं कापण्यासाठी काढला. नाव सुंदरबाईचं होतं. तिनं घाईघाईनं उचलला.

"अक्का, पोरीला घरात घ्या, दार लावा, मी आलेच!"

पलीकडून गहिनीनाथ बोलला. आवाज अगदी गोड होता.

"वहिनी, आज मेसेज न्हाई आला, म्हणून काळजी वाटली. कुटवर आलाव? सावकाश या. आमी समदे हितंच हाव. राजनंदिनीनं चहा टाकलाय."

मागं कपबशा वाजल्या. आणि पोरगी कुणाला तरी हळूच विचारत होती, "साखर किती?"