दुखायला हवं होतं

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती केंद्राच्या ताब्यात जाणार, ही बातमी त्या जानेवारीत आली आणि लालबागचा रस्ता माणसांनी भरून गेला. गोळीबार सुरू झाला तेव्हा सीताराम परब गिरणीच्या फाटकातच अडकला होता. घरी त्याची मुलगी बकुळा गॅलरीतले वाळत घातलेले कपडे घाईघाईनं ओढून घेत होती. एक गोळी लोखंडी कठड्यावर आपटली आणि बकुळा डावा डोळा धरून मटकन खाली बसली. रक्त फारसं नव्हतं. शेजारणी म्हणाल्या, कचरा गेला असेल, दूध घाला.

इस्पितळात एक्स-रे काढला. डॉक्टर विजयकर गिरगावातले, वयस्क, हळू बोलणारे. त्यांनी फोटो उजेडात धरला.

"आत धातूचा कण आहे. कठड्याचं लोखंड असेल तर आपण तो चुंबकानं ओढून काढू. गोळीचं शिसं असेल तर मात्र चुंबकाचा उपयोग नाही."

"फोटोत कळत नाय?" सीतारामनं विचारलं.

"नाही हो. दोन्ही सारखंच पांढरं दिसतं."

संचारबंदी उठली तेवढ्या वेळात सीताराम धावत चाळीत गेला. कठड्याच्या गजावर बोटं फिरवत फिरवत त्याला हवं ते सापडलं. एका जागी टवका उडाला होता आणि आतलं कोरं लोखंड चकाकत होतं. तो तसाच उलट पावली इस्पितळात आला. "लोखंडच हाय डॉक्टर! टवका उडालाय!" त्याला धाप लागली होती, आणि तो हसत होता.

हसायला कारणही होतं. सीताराम गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात मोटारी भरायचा, म्हणजे जळालेली तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळायचा. तारेतून करंट गेला की तिच्याभोवती चुंबकाची ओढ तयार होते, आणि वेढ्यावर वेढा चढला की ती ओढ वाढत जाते. याच जोरावर गिरणीतले पट्टे फिरत, आणि सीतारामची चूलही पेटत होती. आता हीच ओढ आपल्या पोरीचा डोळा वाचवणार, असं त्याला वाटलं.

इस्पितळातला चुंबक चांगला पिंपाएवढा होता. मध्ये लोखंडाचा गाभा, त्याचं टोक निमुळतं, आणि भोवती तारेचे वेढेच वेढे. डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं. सीतारामच्या बायकोनं, मीराबाईनं, लेकीच्या केसांतले आकडे काढून घेतले. डॉक्टरांनी करंट सोडून एक सुई जवळ नेली, तर ती हातातून सुटून टोकाला जाऊन चिकटली. सीतारामनं बायकोकडे बघून मान हलवली.

"बकुळा, लोखंड असेल तर कळ येईल," डॉक्टर म्हणाले. "दुखलं की लगेच सांग."

त्यांनी तिचं डोकं टोकाशी आणलं आणि पायानं बटण दाबलं.

"दुखतं?"

"नाही."

त्यांनी डोकं जरा वळवलं, करंट वाढवला. "आता?"

"नाही, डॉक्टर."

सीताराम दाराला टेकून उभा होता. लहानपणी हिला ताप आला की ह्याच्या घशाखाली घास उतरत नसे, आणि आज तो ओठातल्या ओठात म्हणत होता, दुखू दे, देवा, दुखू दे तिला. बकुळाच्या उजव्या डोळ्याला बापाचा चेहरा दिसत होता. थोडा वेळ ती तिकडेच बघत राहिली.

"दुखतंय," ती म्हणाली. "आता दुखतंय थोडं."

सीताराम पुढे सरसावला. डॉक्टरांनी भिंग लावून डोळ्यात पाहिलं. मग बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. आत काहीही हललेलं नव्हतं. त्यांनी बटणावरून पाय काढला, सुई टपकन खाली पडली.

"असू दे हं, बाळ," एवढंच ते तिला म्हणाले.

असा जखमी डोळा तसाच ठेवला तर कधीकधी चांगला डोळाही सुजून जातो, म्हणून तो काढावा लागला. आतून शिसंच निघालं. व्हरांड्यात मीराबाईनं नवऱ्याला विचारलं, "लोखंड असतां तर ता भायर इलां असतां ना?"

"हां," सीताराम म्हणाला.

बकुळा घरी आली. एका डोळ्याला अंतर कळत नाही. चहा ओतायला जायची, तो कपाच्या बाहेर पडायचा. सीताराम गुपचूप कप पुढे सरकवायचा, तर ती रागवायची. "राहू दे बाबा, शिकेन मी." आणि कपाच्या काठाला चहाचं भांडं टेकवून ओतायला ती शिकलीही. हिंदमाताच्या कापडबाजारातल्या दुकानाचं शिवणकाम ती आधीपासून करायची, तेही पुन्हा घरी येऊ लागलं. लग्नाचं मात्र कुणी विचारलं नाही.

चार वर्षांनी मुंबई मिळाली. गल्लीत तोरणं लागली, दिव्यांच्या माळा लागल्या. चळवळीतला कार्यकर्ता दौलत वर येऊन म्हणाला, "बकुळाताई, तुमचा सत्कार करायचाय. स्टेजवर या."

"मी कुठे लढले रे? मी कपडे काढत होते," ती म्हणाली. "त्यांना बोलवा, जे मुद्दाम गेले."

पण रोषणाई बघायला ती खाली उतरली. गर्दी होती, पोरं पळत होती, डावीकडून कुणीतरी तिला धडकून गेलं. ती दचकली.

"बाबा, या बाजूला उभे राहता?" तिनं विचारलं. "इकडून कोण येतं ते मला समजत नाही."

सीताराम तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. घोषणा झाल्या, पेढे वाटले गेले, गर्दी पांगत गेली. ती दिवे बघत होती, आणि तो येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत होता.